नेसणं, घालणं, पांघरणं

लुगडं नेसायचं, चोळी घालायची, शाल पांघरायची, उपरणं घ्यायचं, फेटा बांधायचा. कापड अंगाभोवती येण्याला मराठीत एक क्रियापद पुरत नाही. न शिवलेलं आणि कमरेपासून खाली गुंडाळायचं असेल तर ‘नेसणं’, मग ते बाईचं लुगडं असो की पुरुषाचं धोतर. शिवलेलं असेल तर ‘घालणं’. डोक्यावर लांब पट्टी गुंडाळायची असेल तर ‘बांधणं’. त्यातही पागोटं बांधतात, पण पुणेरी पगडी घालतात, कारण ती पगडबंदाने आधीच घडवून ठेवलेली असते, टोपीसारखी डोक्यावर ठेवली की झालं. एवढा बारीक हिशेब आमच्या निरक्षर आज्या एकदाही न चुकता करत असत.

आपल्या इंदुरात आता हा हिशेब चुकू लागला आहे. हिंदीत साडी, धोती, कुर्ता, जूता सगळ्याला ‘पहनना’ चालतं. त्यामुळे आपल्या घरातल्या मुली ‘आज मी साडी घातली’ म्हणतात, आणि घरातली एखादी म्हातारी हळूच म्हणते, ‘घातली नाही गं, नेसली.’ मुलगी हसते. तिचं हसणंही बरोबर आहे, कारण पिना टोचून, निऱ्या आधीच शिवून घेतलेली साडी खरोखरच घातलेलीच असते. पण हा शब्दाचा फरक किरकोळ नाही. आपल्या रोजच्या कपड्यांचा इतिहास लिहायला बसलं तर हातात फारसं काही येत नाही, आणि जे येतं ते बहुतेक असंच शब्दांत उरलेलं असतं. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

हातात काही येत नाही, त्याचं कारण साधं आहे. लग्नातला शालू राहतो, पैठणी राहते. मलमलीत गुंडाळून, लवंगा-कापूर घालून ती ट्रंकेत ठेवलेली असते आणि आजीनंतर सुनेकडे, सुनेनंतर नातीकडे जाते. रोजचं लुगडं मात्र कोणी ठेवलं नाही, कारण ते उरतच नव्हतं. ते आधी बसण्याउठण्याच्या जागी विरायचं. मग मधला विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्ही टोकं जोडून शिवायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर निघे. तेही गेलं की चांगला राहिलेला भाग चौघडीच्या आतल्या थराला, मऊ झालेला भाग बाळाच्या दुपट्याला आणि बाळुत्यांना. त्यातून उरलेल्याचं स्वयंपाकघरात मसोतं, मग जमिनीचं पोतेरं, आणि अगदी शेवटची चिंधी पिळून, तेलात बुडवून काकडा म्हणून जळायची. वस्तुसंग्रहालयात ठेवायला मागे राहणार काय?

नव्या बाळाला नवं कापड लावत नसत, हे आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाचवी-सहावी होईपर्यंत जुन्या लुगड्याचंच झबलं, जुन्याचंच दुपटं. बारशाला कुंची आणि टोपरं नवं. यामागे नजर लागण्याची भीती होती असं सांगत, पण शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही घरात नव्हतं, हे कारणही पुरेसं आहे. आमची पिढी जन्मल्यावर पहिल्यांदा ज्या कापडात गुंडाळली गेली ते बहुधा आजीचं लुगडं होतं, आणि त्याचा रंग कोणता होता हे आज सांगणारं कोणी नाही.

ही लुगडी येत कुठून? आपली घराणी माळव्यात आली ती पेशवाईत, अठराव्या शतकात, होळकरांच्या फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, देवळांबरोबर. इथल्या लोकांनी आपल्याला ‘दक्षिणी’ म्हटलं आणि बराच काळ आपणही स्वतःला तसंच म्हणवून घेतलं. दक्षिणी बाई रस्त्यात ओळखू येई ती कासोट्यावरून. इथल्या बायका घागरा-लुगडी घालत आणि त्यांची लुगडी म्हणजे आपली ओढणी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. बाजारात यावरून काय गोंधळ झाले असतील ते झाले असतील.

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ राज्य केलं आणि राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला ठेवली. तिथे त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. सरदारांना, पाहुण्यांना, नातलगांना देण्यासाठी लुगडी आणि पागोट्याचं कापड तिथे विणलं जाऊ लागलं. महेश्वरी लुगड्याचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणजे ते उलटसुलट कसंही नेसता येतं. काठावरची नक्षी चटई, वीट, हिरा आणि नर्मदेची लाट अशी, किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावर दिसणारी. अंगावर नक्षी नाही. साधं, नाहीतर बारीक चौकडी किंवा रेघा. त्या प्रकारांची नावं चंद्रकला, बैंगनी चंद्रकला, चंद्रतारा, बेली, परबी. त्यातलं पहिलं नाव आपल्या घरात ‘चंद्रकळा’ म्हणून येतं, आणि आपण चंद्रकळा म्हणतो ते काळं लुगडं, संक्रांतीचं.

ज्या बाईने हे रंगीत माग बसवले ती स्वतः तिच्या चित्रांत पांढऱ्या वस्त्रांत दिसते. खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात गेले, आणि त्यानंतरची चाळीस वर्षं तिची पांढऱ्यात गेली. महेश्वरी विकत घेताना हे आपल्या लक्षात असतंच असं नाही.

अर्थात रोज महेश्वरी नेसण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. १८१८ नंतर राजधानी इंदूरला आली, महेश्वरचा राजाश्रय पातळ झाला आणि सामान्य घरात रोजचं लुगडं म्हणजे बाजारातलं जाडंभरडं सुती. मराठी मुलखातून कोणी आलं-गेलं तर इरकली लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण येई, तो चोळीला. त्या खणाची त्रिकोणी घडी ओटीत पडली की ती वर्षभर शिवायची नाही, जपून ठेवायची, आणि मग तीच घडी दुसरीच्या ओटीत जायची. काही खण न उलगडता चार-पाच घरं फिरून आले असतील.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. देशात दशमान मापं येऊन साठ वर्षं झाली, एम. टी. क्लॉथ मार्केटात गजाची पट्टी जाऊन मीटरची आली, तरी लुगडं नऊवारीच राहिलं. आत परकर नाही, वर पिन नाही, नाडी नाही. कमरेला एक गाठ, पुढे निऱ्या, मागे कासोटा, खांद्यावर पदर. एवढ्यावर बाई दळत असे, विहिरीतून पाणी ओढत असे, मांडी घालून पंगतीला वाढत असे आणि नर्मदेत डुबकी मारून तशीच वर येत असे. पुढच्या निऱ्यांच्या खोचणीला ओचा म्हणतात. ओच्यात फुलं, शेंगा, नातवासाठी राखलेला पेढा. पदराच्या टोकाला गाठ आणि गाठीत पैसे. ‘पदरमोड’ हा शब्द सरकारी कागदात, संस्थेच्या जमाखर्चात आजही येतो. आपल्या मंडळाच्या अहवालात तर दरवर्षी येतो. पुरुषांचे पैसे धोतराच्या कनवटीला. ‘कनवटीला दमडी नाही’ असं म्हणणारा माणूस आज पँट घालत असला तरी वाक्य धोतराचंच बोलतो.

पुरुषांच्या बाबतीत आधी डोकं पाहायचं. उघड्या डोक्याने घराबाहेर पडणं म्हणजे घरात कोणी गेलं आहे असं समजत. पेशवाई पगडी वेगळी, शिंदेशाही वेगळी, होळकरी वेगळी. ग्वाल्हेरहून आलेला व्याही उंबऱ्यावर उभा राहिला की तो कोणत्या दरबारचा हे पगडी सांगे, त्याला तोंड उघडावं लागत नसे. अंगात बाराबंदी किंवा अंगरखा, खांद्यावर उपरणं. पुढे ब्रिटिश अमलात अंगरख्याच्या जागी लांब कोट आला पण खाली धोतर राहिलं, आणि पगडीच्या जागी काळी टोपी आली. जुन्या फोटोंत आपले पणजोबा कोट, धोतर, टोपी आणि पायांत पंपशू अशा चार काळांच्या पोशाखात ताठ बसलेले असतात. आज तो वेष विचित्र वाटतो. त्यांना तो अगदी नीटनेटका वाटत असणार, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच.

कापड म्हणजे मत हेही याच काळात रुजलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातकताईच्या खादीत गेले. तेव्हा गांधीजी सात वर्षांचे होते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. गांधीजी स्वतः हिंदी साहित्य संमेलनासाठी १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये आपल्या शहरात आले. संस्थानी शहर असल्यामुळे इथे टोपी बदलणं सोपं नव्हतं. दरबारच्या नोकरीत असलेला बाप काळ्या टोपीत आणि कॉलेजातला मुलगा पांढऱ्या टोपीत, असं एकाच घरात दोन खुंट्यांवर टांगलेलं राजकारण आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं आहे.

आता जरा नको वाटणाऱ्या गोष्टींकडे येऊ. कपड्यांच्या आठवणी काढायला बसलं की सगळं मऊ, उबदार होत जातं, आणि चौघडीच्या गोष्टी सांगत आपण खूश होतो. पण प्रत्येक वाड्यात एक उंच वलणी होती. तिच्यावर सोवळ्याची धुणी काठीने वाळत घालत, कुणाचा हात लागू नये म्हणून. शाळेतून आलेल्या मुलाने ओवळ्या सदऱ्याने आजीला मिठी मारायची नाही. रेशमाचा मुकटा आणि लोकरीची धाबळी तेवढी विटाळातून सुटलेली. बाजूला बसणाऱ्या बाईचं अंथरूण-पांघरूण वेगळं, तिचं लुगडं वेगळं धुवायचं. कोणाला कोण शिवू शकतं, याचा नकाशाच त्या वलणीवर रोज वाळत असे.

आणि आलवण. आमच्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला तांबड्या रंगाचं जाडं आलवण, अंगात चोळी नाही, डोक्यावरून पदर. काहींचं वय तेव्हा विशीही नसे. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला, ही गोष्ट आता पुस्तकांत येते. पण आलवण त्यानंतरही कित्येक वर्षं घराघरांत होतं. साठी-सत्तरीच्या पुढच्या आमच्यातल्या कुणाकुणाला माजघराच्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली एखादी सोवळी आत्याआजी अंधूक आठवते. शालू ट्रंकेत जपून ठेवलेल्या घरांतही आलवण कुणी जपलेलं आम्ही पाहिलेलं नाही, आणि ते न जपणं चुकून झालेलं नाही.

इंदूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या महूला १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेत त्यांनी जमलेल्या स्त्रियांना जे सांगितलं, त्यात लुगड्याचा विषय होता. आखूड, गुडघ्याशी येणारं लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे ठरावीक जाड दागिने ही तुमची जात दुरून ओळखण्याची खूण आहे, ती टाका, वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, असा त्याचा आशय. त्या बायकांनी ते लगेच केलं. आपण ‘साधं रोजचं लुगडं’ म्हणतो, पण ते किती लांब नेसायचं हे एका जातीच्या बाईने ठरवायचं नव्हतं, आणि दुसऱ्या जातीच्या बाईला त्याचा विचारही करावा लागत नव्हता. आपल्या घराण्यांच्या आठवणींत ही बाजू येत नाही. ती दुसऱ्यांच्या आठवणींत आहे, आणि तिथून ती ऐकून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, इंदुरात सरकारी कापड गिरणी उभी राहिली. माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस इथेच कातला-विणला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यावर घड्याळं लागू लागली. हातमागाचं कापड महाग पडू लागलं. गिरणीचं मांजरपाट, लाँगक्लॉथ, धोतरजोड्या स्वस्त. आपल्या शहरात अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झाँक्या याच गिरणी कामगारांनी सुरू केल्या, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. वर्गणी मजुरीतून, सजावट पाळी संपल्यावर. आज गिरण्या नाहीत. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि कामगारांना त्यांच्या देण्यासाठी तीन दशकं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. झाँकी मात्र दरवर्षी गिरणीच्याच नावाने निघते. कापड गेलं, भोंगा गेला आणि गणपती राहिला. रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यातल्या किती जणांच्या अंगावर त्या गिरणीचं कापड एके काळी होतं, हे त्या गर्दीत कुणी विचारत नाही.

गिरणीच्या कापडाची आमची आठवण म्हणजे दिवाळीचं थान. एकच थान यायचं. त्यातून वडिलांचा सदरा, तिन्ही भावांचे सदरे, उरलेल्यात बहिणीचं पोलकं आणि त्यातूनही उरलं तर उशीचा अभ्रा. शिंपी ओसरीवर मशीन घेऊन बसायचा. त्याला आईची सूचना ठरलेली, ‘वाढत्या अंगाचं शिवा.’ पहिल्या वर्षी सदरा गुडघ्याशी, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी आत दिलेली दुमड उसवायची आणि चौथ्या वर्षी तो धाकट्याकडे. दुमड उसवल्यावर तिथे मूळ रंगाची एक गडद पट्टी दिसायची. त्या पट्टीची लाज वाटायची. फराळाला गेलं की लोक म्हणत, बँडवाले आले. महायुद्धाच्या वर्षांत कापड कंट्रोलवर आलं. रांगेत उभं राहून जे मिळेल ते घ्यायचं, रंग निवडायचा प्रश्नच नाही. पुढे कितीतरी वर्षं कुठलीही भिकार वस्तू दिसली की आमच्या घरांत तिला ‘कंट्रोलची’ म्हणत. मग टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं. ते विरत नव्हतं, चुरगळत नव्हतं, आणि त्याची चौघडीही होत नव्हती. जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात येऊ लागली, आणि दंड घालण्याची सुई घराबाहेर गेली.

नऊवारीतून पाचवारीत येणं ही आमच्या आयांच्या पिढीची गोष्ट. तेव्हा त्याला ‘गोल नेसणं’ म्हणत. कासोटा नाही, म्हणजे धर्मकार्याला चालणार नाही, असं सासूचं म्हणणं. शाळेत शिकवायला जाणारी सून म्हणायची, सायकलच्या साखळीत निऱ्या अडकतात त्या दोन्हीतही अडकतात, पण वर्गात सगळ्या गोल नेसतात. तडजोड निघाली. सकाळी स्वयंपाक, पूजा नऊवारीत, साडेदहाला पाचवारीत बाहेर. पाचवारीला खाली परकर लागतो, तो एक नवा खर्च. त्यावर उपाय घरातच होता. आजीच्या दोन-चार वेळाच नेसलेल्या लुगड्यातून पाच वार काढले की चार वार उरत, त्यात एक परकर आणि धाकटीचं पोलकं सहज निघे. असं करून कापलेली किती महेश्वरी, किती चंदेरी लुगडी या शहरात असतील! आज कुणाला हळहळ वाटेल. त्या बाईला मात्र तेव्हा सकाळची बस गाठायची होती.

महेश्वरचे माग विसाव्या शतकाच्या मध्यावर फार थोडे उरले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्या पुढाकाराने तिथे विणकर स्त्रियांसाठी ‘रेहवा’ संस्था सुरू झाली आणि माग पुन्हा चालू लागले. आता किल्ल्याखालच्या गल्लीतून फिरताना दर दुसऱ्या घरातून खटखट ऐकू येते. ताणा रेशमी, बाणा सुती, लांबी ब्लाउजपीससकट साडेपाच-सहा मीटर. ओढण्याही विणतात. नऊवारी मात्र सांगून विणून घ्यावी लागते.

पाडव्याच्या शोभायात्रेत आपल्या मुली नऊवारीत मोटरसायकली चालवतात. ती नऊवारी शिवलेली असते. सलवारीसारखे पाय घालायचे, हुक लावायचा, दोन मिनिटांत तयार. जुन्या मंडळींना ते रुचत नाही. आम्हाला तसं वाटत नाही, कारण आमच्या आज्यांनाही लुगड्यात लढायचं नव्हतं, कामच करायचं होतं, आणि काम लवकर उरकत असेल तर त्यांनी खुशाल हुक लावून घेतला असता. फक्त एक विनंती आहे. त्या मुली मिरवणुकीतून परत आल्या की घरात जी कोणी सत्तर-ऐंशीची आजी, मावशी, आत्या असेल, तिच्याकडून खरी नऊवारी एकदा नेसून घ्यावी, आणि ती नेसवताना जे शब्द बोलते ते कुणीतरी फोनवर टिपून घ्यावेत. निऱ्या किती घ्यायच्या, ओचा कुठे खोचायचा, कासोटा डाव्या हाताने की उजव्या, हे तिला विचारून सांगता येत नाही. हातात लुगडं दिलं की तिचे हात आपोआप चालू लागतात आणि मग ती बोलते. आपल्या मंडळाच्या वाचनालयात अशा टिपणांसाठी एक वही ठेवली आहे. तिची पहिली काही पानं लुगड्यांच्या नावांनी भरली आहेत, पुरुषांच्या कपड्यांची पानं अजून बरीचशी कोरी आहेत.